लिनक्स, मॅक, विंडोज आणि बीएसडीवर पॅकेट कॅप्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅकेट कॅप्चर म्हणजे नेटवर्कवरून ये-जा करणाऱ्या पॅकेटांची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) प्रत टिपून घेणं. एकाच जोडणीचं कॅप्चर लिनक्सवर घेतलं तर एक चित्र दिसतं, विंडोजवर घेतलं तर दुसरंच. खाली जमा केलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ या फरकात आहे, म्हणून प्रत्येक उत्तरात साधन नेमकं कुठे बसून पाहतंय याकडे आम्ही आवर्जून लक्ष दिलं आहे.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमन लिपीतच लिहायच्या. पर्यायाचं अक्षर मोठं हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे, कारण छोट्या आणि मोठ्या अक्षराचे अर्थ वेगळे असतात.

१. कॅप्चरमध्ये जे दिसतं तेच तारेवरून जातं का?

अगदी तेच नाही. साधन पॅकेट अडवत नाही. कर्नल किंवा ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटची प्रत त्याला देतो आणि मूळ पॅकेट आपल्या वाटेने जातं. ही प्रत नेटवर्क कार्ड आणि प्रोटोकॉल स्टॅक यांच्या मधल्या जागी काढली जाते, त्यामुळे कार्ड स्वतः करतं ती कामं प्रतीत दिसत नाहीत. फ्रेमच्या (तारेवरच्या पॅकेटच्या) शेवटचा ४ बाइटचा एफसीएस (चूक तपासण्याचा आकडा) आणि सीआरसी चुकलेल्या, म्हणजे त्या तपासणीत नापास झालेल्या, फ्रेम साधारणपणे फाइलपर्यंत पोचतच नाहीत. केबल किंवा पोर्ट खराब असल्याचा संशय असेल तर कॅप्चरमध्ये शोधत बसू नका, कार्डाचे एरर काउंटर बघा: लिनक्सवर `ईथटूल -एस` (मोठा एस), मॅक आणि बीएसडीवर `नेटस्टॅट -आय`, विंडोजवर पॉवरशेलमध्ये `गेट-नेटॲडॅप्टरस्टॅटिस्टिक्स`.

२. कोणत्या प्रणालीवर कोणतं साधन वापरायचं?

लिनक्स, मॅक आणि बीएसडीवर टीसीपीडम्प. मॅक आणि बीएसडीवर ते आधीपासून असतं, लिनक्सवर बहुधा पॅकेज टाकावं लागतं. विंडोजवर एनपीकॅप हा ड्रायव्हर आणि त्यावर वायरशार्क किंवा डम्पकॅप. सोलारिसवर स्नूप, एआयएक्सवर आयपीट्रेस. दोन्हींच्या फाइली वायरशार्क थेट उघडतं.

तीन-चार प्रणालींवर एकसारखं काम करायचं असेल तर आमची पसंती डम्पकॅपला आहे. वायरशार्कच्या आत पॅकेट पकडण्याचं काम तोच छोटा प्रोग्रॅम करतो, आणि लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींवर त्याचे पर्याय सारखेच आहेत. तो पॅकेटचा अर्थ लावत नाही, फक्त फाइलमध्ये लिहितो. म्हणून तासन्‌तास चालला तरी मेमरी फुगत नाही. वायरशार्क आणि टीशार्क प्रत्येक जोडणीची माहिती धरून ठेवतात, त्यामुळे लांब कॅप्चरसाठी ते योग्य नाहीत.

३. "परवानगी नाही" असा संदेश येतो किंवा इंटरफेसची यादीच रिकामी दिसते. काय करू?

कच्ची पॅकेटं वाचणं हा विशेष अधिकार आहे आणि प्रत्येक प्रणाली तो वेगळ्या पद्धतीने देते.

लिनक्सवर कॅप_नेट_रॉ ही क्षमता लागते; प्रॉमिस्क्युअस मोडसाठी (कार्डाने इतरांसाठीच्या फ्रेमही घ्याव्यात यासाठी, प्रश्न ७) कॅप_नेट_ॲडमिनही द्यावी. डेबियन आणि उबुंटूवर `डीपीकेजी-रीकॉन्फिगर वायरशार्क-कॉमन` चालवून "होय" निवडा, मग `यूजरमॉड -एजी वायरशार्क` ने (ए छोटा, जी मोठा) आपलं खातं वायरशार्क गटात घाला. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावंच लागतं. नुसती नवी टर्मिनल खिडकी उघडून गट लागू होत नाही, आणि बहुतेक जण इथेच अडकतात.

मॅक आणि फ्रीबीएसडीवर सगळा खेळ `/डेव्ह/बीपीएफ` या फाइलींच्या परवानग्यांचा आहे (बीपीएफ ही पॅकेटं पकडण्याची आणि गाळण्याची कर्नलमधली यंत्रणा). मॅकवर वायरशार्कसोबत सीएचमॉडबीपीएफ हे पॅकेज येतं. ते ॲक्सेस_बीपीएफ नावाचा गट बनवतं आणि प्रत्येक बूटला परवानग्या पुन्हा लावतं. हाताने केलेला सीएचमॉड रीस्टार्टनंतर उडून जातो.

विंडोजवर एनपीकॅप टाकताना "फक्त ॲडमिनिस्ट्रेटरना प्रवेश" हा पर्याय निवडला असेल, तर साध्या खात्यातून कॅप्चर सुरू करताना ॲडमिनिस्ट्रेटरची संमती मागितली जाते.

वायरशार्क स्वतः रूट म्हणून चालवू नका. त्यात शेकडो प्रोटोकॉलचा अर्थ लावणारा प्रचंड कोड आहे आणि तो परक्याने पाठवलेली बाइटं वाचतो. अधिकार फक्त डम्पकॅपला द्यावा, अशीच त्याची रचना आहे.

४. विनपीकॅप (विंडोजवरचा जुना कॅप्चर ड्रायव्हर) अजून चालतं. ते बदलायची गरज आहे का?

आहे. विनपीकॅपची शेवटची आवृत्ती ४.१.३, ती २०१३ची. एनपीकॅप विंडोजच्या नव्या एनडीआयएस ६ रचनेवर लिहिलेलं आहे आणि लूपबॅकही (मशीनचं स्वतःशीच होणारं बोलणं) पकडतं (प्रश्न ८). वायरशार्कच्या विंडोज इन्स्टॉलरमध्ये आवृत्ती ३.० पासून (२०१९) एनपीकॅपच येतं. दोन्ही एकत्र ठेवू नका. आधी विनपीकॅप काढा, मशीन रीस्टार्ट करा, मग एनपीकॅप टाका. एखादा जुना प्रोग्रॅम विनपीकॅपच शोधत असेल, तर इन्स्टॉल करताना विनपीकॅप-सुसंगत मोड चालू ठेवा.

५. विंडोज सर्व्हरवर काहीच इन्स्टॉल करायची परवानगी नाही. मग कॅप्चर कसं घ्यायचं?

विंडोजमध्ये दोन अंगभूत सोयी आहेत.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पीकेटीमॉन आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत हा क्रम ठेवा: आधी `पीकेटीमॉन फिल्टर ॲड -पी ४४३` (छोटा पी, पोर्टसाठी), मग `पीकेटीमॉन स्टार्ट --कॅप्चर --पीकेटी-साइझ ०`, अडचण पुन्हा घडवा, `पीकेटीमॉन स्टॉप`, आणि शेवटी `पीकेटीमॉन ईटीएल२पीकॅप` ने फाइल रूपांतरित करा. जरा जुन्या आवृत्तीत याच उपआज्ञेचं नाव `पीकॅपएनजी` आहे. `--पीकेटी-साइझ ०` विसरू नका: मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइटच साठवले जातात, आणि हे लक्षात येतं ते सगळं काम झाल्यावर.

पीकेटीमॉनमध्ये एकच पॅकेट तीन-चारदा दिसतं. हा बिघाड नाही. पॅकेट स्टॅकमधल्या ज्या ज्या घटकातून जातं, त्या प्रत्येक ठिकाणी त्याची नोंद होते. रूपांतर करताना एकाच घटकाचा क्रमांक दिला की दुबार नोंदी जातात. उलट, पॅकेट मशीनच्या आतच कुठे गळतंय हे शोधायचं असेल तर याच नोंदी सोन्यासारख्या आहेत, कारण गळालेल्या पॅकेटसोबत कारणही लिहिलेलं असतं.

त्याहून जुन्या विंडोजवर `नेटएसएच ट्रेस स्टार्ट कॅप्चर=येस` आणि शेवटी `नेटएसएच ट्रेस स्टॉप`. थांबवताना काही मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात खिडकी बंद करू नका. तयार झालेली ईटीएल (विंडोजच्या नोंदींची) फाइल मायक्रोसॉफ्टच्याच ईटीएल२पीकॅपएनजी या मोफत साधनाने रूपांतरित करून घ्या. हे रूपांतर दुसऱ्या मशीनवरही करता येतं.

६. इतक्या इंटरफेसमधून कोणता निवडायचा? "एनी" निवडलं तर सगळंच मिळेल ना?

आधी यादी काढा: `टीसीपीडम्प -डी` किंवा `डम्पकॅप -डी` (दोन्हीकडे मोठा डी). विंडोजवर लांबलचक ओळखक्रमांक दिसतात, तिथे डावीकडचा अनुक्रमांक देऊन काम भागतं. पण नवं ॲडॅप्टर आलं की अनुक्रमांक बदलतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये पूर्ण नाव लिहा.

"एनी" मुळात लिनक्सची सोय आहे आणि तिच्या तीन मर्यादा आहेत. प्रॉमिस्क्युअस मोड त्यावर चालत नाही. इथरनेट हेडरच्या जागी एसएलएल नावाचं बनावट हेडर येतं, ज्यात गंतव्य मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर पत्ता; मॅक प्रणालीशी संबंध नाही) नसतो. आणि ब्रिज, व्हीलॅन (एकाच तारेवर टॅग लावून वेगळी केलेली नेटवर्कं) किंवा व्हर्च्युअल जोड्या असतील तर एकच पॅकेट अनेकदा नोंदलं जातं. टीसीपीडम्प ४.९९ पासून "एनी"वर एसएलएल२ हे नवं हेडर वापरतं. त्यात पॅकेट कोणत्या इंटरफेसवरचं आहे हेही कळतं, पण जुन्या साधनांना ते वाचता येत नाही. फाइल अशा साधनात उघडायची असेल तर `-वाय` (छोटा) सोबत लिनक्स_एसएलएल द्या.

मॅकवर इंटरफेस न सांगता टीसीपीडम्प चालवलं की ते पीकेटॅप हा आभासी इंटरफेस घेतं, पण त्यात लूपबॅक आणि टनेल धरलेले नसतात. तेही हवे असतील तर `-आय पीकेटॅप,ऑल` लिहा. पीकेटॅपवर छोट्या के पर्यायाने पॅकेट कोणत्या प्रोसेसचं आहे तेही छापलं जातं. ही माहिती इतर प्रणालींवर इतक्या सहज मिळत नाही.

व्हीपीएन चालू असेल तर प्रश्न काय आहे त्यावर निवड ठरते. टनेल इंटरफेसवर (लिनक्सवर टन०, मॅकवर यूटन०) उघडी आयपी पॅकेटं दिसतात. प्रत्यक्ष कार्डावर तीच एन्क्रिप्ट झालेली दिसतात. टनेल तुटतंय का हे बघायचं तर दोन्हीकडे एकाच वेळी कॅप्चर लावा.

७. प्रॉमिस्क्युअस मोड चालू आहे, तरी नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनचा ट्रॅफिक का दिसत नाही?

कारण स्विच तो तुमच्या पोर्टवर पाठवतच नाही. प्रॉमिस्क्युअस मोडमुळे कार्ड आपल्यापर्यंत आलेली फ्रेम नाकारत नाही, एवढंच. न आलेली फ्रेम ओढून आणायची ताकद त्यात नाही. तुम्हाला ब्रॉडकास्ट, काही मल्टिकास्ट आणि स्वतःचा ट्रॅफिक दिसेल.

उपाय दोन. स्विचवर पोर्ट मिररिंग लावा (म्हणजे दुसऱ्या पोर्टच्या ट्रॅफिकची प्रत तुमच्या पोर्टवर येते) किंवा तारेच्या मध्ये नेटवर्क टॅप बसवा. मिररिंगचं गणित आधी करा: १ गिगाबिटचं पोर्ट दोन्ही दिशांना भरून वाहत असेल तर एकूण २ गिगाबिट ट्रॅफिक होतो, आणि मिरर पोर्ट १ गिगाबिटचंच असेल तर उरलेला स्विच गुपचूप टाकून देतो. अशा फाइलमध्ये दिसणारी "हरवलेली" पॅकेटं प्रत्यक्षात पोचलेली असू शकतात (ओळखायचं कसं ते प्रश्न १२ मध्ये).

शक्य असेल तिथे दोन टोकांपैकी एका मशीनवरच कॅप्चर घ्या. वाय-फायसाठी प्रश्न १८.

८. लोकलहोस्टवरचा ट्रॅफिक कसा पकडायचा?

लिनक्सवर एलओ, मॅक आणि बीएसडीवर एलओ०, विंडोजवर एनपीकॅपचा "लूपबॅक ट्रॅफिक" नावाचा ॲडॅप्टर. मशीनने स्वतःच्याच, समजा १९२.१६८.१.१०, या पत्त्याशी केलेलं बोलणंही कार्डावरून जात नाही, लूपबॅकवरून जातं. कार्डावर कॅप्चर लावून रिकामा पडदा पाहत बसायचं हे नेहमीचं कारण.

लूपबॅकचं हेडरही प्रणालीप्रमाणे बदलतं. लिनक्सवर शून्य मॅक पत्ते असलेलं इथरनेट हेडर, तर मॅक, फ्रीबीएसडी आणि एनपीकॅपवर ४ बाइटचा आकडा. आयपीव्ही४ साठी तो सगळीकडे २ आहे. आयपीव्ही६ साठी मॅकवर ३०, फ्रीबीएसडीवर २८, विंडोजवर २४. वायरशार्कला हे ठाऊक आहे. स्वतः फाइल वाचणारी स्क्रिप्ट लिहीत असाल तर तुम्हालाही ठाऊक असू द्या.

९. फायरवॉलने अडवलेलं पॅकेट कॅप्चरमध्ये दिसतं का?

आत येणारं दिसतं, बाहेर जाणारं दिसत नाही. लिनक्सवर प्रत आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्सच्या नेहमीच्या नियमांआधीच निघते. म्हणून टीसीपीडम्पमध्ये सिन पॅकेट (जोडणीची पहिली विनंती) येताना दिसतं, उत्तर मात्र जात नाही, आणि माणूस ॲप्लिकेशनला दोष देतो. बाहेर जाताना क्रम उलटा असतो: आधी फायरवॉल, मग प्रत. याच कारणाने नॅटचा (पत्ते बदलणाऱ्या सोयीचा) पत्ता येताना बदलायच्या आधीचा आणि जाताना बदलल्यानंतरचा दिसतो. अपवाद एक्सडीपीचा (पॅकेट स्टॅकमध्ये शिरण्याआधीच हाताळणारी लिनक्सची सोय): एक्सडीपी प्रोग्रॅमने टाकलेलं पॅकेट टीसीपीडम्पला मुळीच दिसत नाही.

मॅक आणि बीएसडीवर पीएफच्या (तिथल्या फायरवॉलच्या) बाबतीत हाच नियम. ओपनबीएसडीवर पीएफच्या नियमात लॉग शब्द असेल तर ती पॅकेटं पीएफलॉग० वर वेगळी पाहता येतात. विंडोजवरही एनपीकॅप विंडोज फायरवॉलच्या खाली बसतं, त्यामुळे चित्र तसंच. अडवल्याचं कारण हवं असेल तर पीकेटीमॉन (प्रश्न ५).

१०. निघणाऱ्या पॅकेटचा चेकसम चुकीचा, आणि लांबी १५०० पेक्षा मोठी. नेटवर्क बिघडलंय का?

नाही. चेकसम भरायचं काम प्रणालीने कार्डावर सोपवलेलं असतं आणि प्रत त्याआधी निघते, म्हणून त्या जागी अर्धवट आकडा दिसतो. टीएसओमुळे कर्नल कार्डाला ६४ किलोबाइटपर्यंतचा एकच गठ्ठा देतो, त्याचे एमटीयूएवढे (तारेवर चालणाऱ्या कमाल लांबीचे) तुकडे कार्ड करतं. येताना जीआरओ उलटं करतं: तुकडे जोडून मोठं पॅकेट बनवतं. ५४ बाइटच्या फ्रेमही याच कारणाने दिसतात. किमान लांबीची भर कार्ड नंतर घालतं.

ओळखायची खूण सोपी आहे. चुकीचा चेकसम फक्त स्वतः पाठवलेल्या पॅकेटवर असेल तर निश्चिंत राहा. दुसऱ्या प्रत्यक्ष मशीनकडून आलेल्या पॅकेटवर असेल तर खरोखर शोध घ्या. एकाच यजमानावरच्या दोन व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र आलेल्या पॅकेटवरही अर्धवट चेकसम दिसू शकतो, कारण ते पॅकेट कोणत्याच खऱ्या कार्डातून गेलेलं नसतं.

तारेवरचे खरे आकार हवे असतील तर लिनक्सवर `ईथटूल -के ईटीएच० टीएसओ ऑफ जीएसओ ऑफ जीआरओ ऑफ` (मोठा के), विंडोजवर `डिसेबल-नेटॲडॅप्टरएलएसओ` आणि `डिसेबल-नेटॲडॅप्टरआरएससी`. याने सीपीयूवरचा भार वाढतो, आणि विंडोजवर बदल लागू होताना जोडणी क्षणभर तुटू शकते. चालू सर्व्हरवर करण्यापेक्षा मिरर पोर्टवर कॅप्चर घेणं बरं. काम झाल्यावर सेटिंग परत चालू करायला विसरू नका.

११. तोच फिल्टर एका ठिकाणी चालतो, दुसऱ्या ठिकाणी चुकीचा म्हणतो किंवा काहीच पकडत नाही. का?

चार वेगळी कारणं सारख्याच लक्षणांनी येतात.

पहिलं: भाषा वेगळ्या आहेत. पकडतानाचा फिल्टर (`होस्ट १०.०.०.५ अँड पोर्ट ४४३`) बीपीएफच्या भाषेत असतो, तर वायरशार्कमध्ये दाखवतानाचा फिल्टर (`आयपी.ॲडर == १०.०.०.५`) वेगळ्या भाषेत. पहिला चुकला तर पॅकेट कायमचं गेलं. दुसरा कितीही वेळा बदलता येतो. म्हणून पकडताना सैल गाळा, पाहताना बारीक गाळा.

दुसरं: अवतरणचिन्हं. लिनक्स आणि मॅकच्या शेलमध्ये कंस असलेला फिल्टर एकेरी अवतरणात द्यायचा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला एकेरी अवतरण कळत नाही, तिथे दुहेरीच लागतं.

तिसरं: व्हीलॅन. टॅगचे ४ बाइट मध्ये आले की साधा `होस्ट` फिल्टर चुकीच्या जागी पाहतो. `व्हीलॅन` हा शब्द लिहिल्यावर त्याच्या पुढच्या सगळ्या अटी ४ बाइट सरकतात, आणि हे सरकणं `ऑर` च्या पलीकडेही टिकतं. म्हणून बिनटॅगची अट आधी लिहा: `होस्ट क्ष ऑर (व्हीलॅन अँड होस्ट क्ष)`. उलट क्रमाने लिहिलं तर बिनटॅगची पॅकेटं हातून जातात. विंडोजवर अनेक ड्रायव्हर टॅग आधीच काढून टाकतात, त्यामुळे तिथे टॅग दिसला नाही म्हणून तो नव्हता असं ठरवू नका.

चौथं: तुकडे झालेली आयपी पॅकेटं. पोर्ट क्रमांक फक्त पहिल्या तुकड्यात असतो, `पोर्ट ५३` म्हटलं की बाकीचे तुकडे गळतात. मोठ्या डीएनएस उत्तरांच्या तक्रारीत `होस्ट` वर गाळा, `पोर्ट` वर नको.

१२. "ड्रॉप्ड बाय कर्नल" म्हणजे नेटवर्कवर पॅकेट हरवली का?

नेटवर्कवर नाही, कॅप्चरमध्ये हरवली. कर्नल बफर भरत गेला आणि साधन तो वेळेत रिकामा करू शकलं नाही. उपाय या क्रमाने करा:

पडद्यावर छापू नका, `-डब्ल्यू` (छोटा) देऊन फाइलमध्ये लिहा. छापायचंच असेल तर `-एन` द्या, नाहीतर प्रत्येक पत्त्याचं नाव डीएनएसला विचारलं जातं आणि तुमच्याच चौकशा कॅप्चरमध्ये येऊन पडतात. बफर वाढवा: टीसीपीडम्पमध्ये `-बी ३२७६८` (मोठा बी, एकक किबिबाइट, म्हणजे ३२ मेबिबाइट), डम्पकॅपमध्ये `-बी ३२`, कारण तिथे एकक मेबिबाइट आहे. एककातला हा फरक विसरून डम्पकॅपला ३२७६८ दिलं की ते ३२ गिबिबाइट मागतं. मॅक आणि फ्रीबीएसडीवर बफरला वरची मर्यादा आहे: मॅकवर `डीबग.बीपीएफ_मॅक्सबफसाइझ`, फ्रीबीएसडीवर `नेट.बीपीएफ.मॅक्सबफसाइझ`. ही सिस्कंट्रोलने आधी वाढवली नाही तर मोठा बी देऊन फारसा उपयोग नाही. तरीही भागलं नाही तर पॅकेटचे पहिले १२८ बाइटच घ्या (`-एस १२८`, छोटा एस).

फाइल हाती आल्यावर खरं हरवणं आणि कॅप्चरमधलं हरवणं वेगळं कसं ओळखायचं? पॅकेट फाइलमध्ये नाही, पण समोरच्याने त्याची पोच दिली आहे आणि पुनर्प्रेषण झालेलं नाही, तर ते पोचलं होतं, तुमच्या कॅप्चरने सोडलं. वायरशार्क अशा ठिकाणी न दिसलेल्या सेगमेंटला पोच मिळाल्याची खूण करतं. नेटवर्कवर दोष ठेवण्याआधी ही खूण शोधाच.

१३. अडचण आठवड्यातून एकदाच येते. कॅप्चर सतत चालू कसं ठेवायचं?

फिरत्या फाइलींनी. `टीसीपीडम्प -सी १०० -डब्ल्यू १०` (दोन्ही मोठी अक्षरं) म्हणजे प्रत्येकी १० कोटी बाइटच्या १० फाइली. दहावी भरली की पहिलीवर पुन्हा लिहिलं जातं. डम्पकॅपवर तेच `-बी फाइलसाइझ:१००००० -बी फाइल्स:१०`, इथे बी छोटा आणि एकक किलोबाइट. `-जी` (मोठा) ने वेळेवर फाइल बदलता येते, पण त्यासोबत मोठा डब्ल्यू दिला तर फाइली फिरत नाहीत, तेवढ्या भरल्यावर टीसीपीडम्प थांबतं. रात्री लावलेलं कॅप्चर सकाळी बंद आढळतं ते यामुळे.

जागेचा हिशेब: भरून वाहणारी १ गिगाबिट लाइन एका दिशेने सेकंदाला १२५ मेगाबाइट, मिनिटाला ७.५ गिगाबाइट, तासाला ४५० गिगाबाइट. अडचण दिसल्यापासून तुम्ही पोचेपर्यंत किती वेळ जातो, त्याच्या दुप्पट वेळ मावेल एवढी जागा ठेवा.

रूट असूनही फाइल लिहिताना परवानगी नाकारली गेली, तर टीसीपीडम्पने सुरुवातीलाच अधिकार सोडून टीसीपीडम्प नावाचं साधं खातं धारण केलेलं असतं. त्या खात्याला लिहिता येईल अशी फोल्डर द्या, किंवा `-झेड रूट` (मोठा झेड).

१४. दूरच्या सर्व्हरवरचं कॅप्चर आपल्या मशीनवर थेट पाहता येतं का?

येतं. `एसएसएच सर्व्हर "टीसीपीडम्प -यू -डब्ल्यू - नॉट पोर्ट २२" | वायरशार्क -के -आय -`. यू मोठा, बाकी छोटी. `नॉट पोर्ट २२` वगळलं तर प्रत्येक पॅकेटची बातमी स्वतःच नवं पॅकेट बनते आणि चक्र सुरू होतं. एसएसएचला `-टी` देऊ नका: आभासी टर्मिनल मध्ये आलं की ओळसंपण्याची बाइटं बदलतात आणि फाइल खराब होते. सुडोला पासवर्ड लागणार असेल तर टर्मिनलशिवाय तो विचारता येत नाही. आधी पासवर्डशिवाय परवानगीची सोय करा.

विंडोजच्या पॉवरशेल ५.१ मध्ये `>` किंवा पाइपने बायनरी प्रवाह नेऊ नका. ते बाइटांना मजकूर समजून बदलतं आणि वायरशार्क फाइल ओळखत नाही. हे ७.४ मध्ये सुधारलं. त्याआधीच्या आवृत्तीत हेच काम कमांड प्रॉम्प्टमधून करा.

१५. फाइल उघडताना "पॅकेटच्या मध्येच तुटली" असं येतं. सगळं गेलं का?

नाही. शेवटचं अर्धवट पॅकेट सोडून बाकी वाचता येतं. टीसीपीडम्प `किल -९` ने मारलं, डिस्क भरली किंवा चालू असतानाच फाइल कॉपी केली की असं होतं. कंट्रोल-सी किंवा साध्या `किल` ने थांबवा. चालू फाइल वाचायची असेल तर मोठा यू द्या, म्हणजे प्रत्येक पॅकेट लगेच लिहिलं जातं.

१६. पीकॅप आणि पीकॅपएनजी या फाइल प्रकारांत कोणता निवडू?

पीकॅप साधा आहे: सुरुवातीला २४ बाइटचं हेडर, प्रत्येक पॅकेटआधी १६ बाइट. संपूर्ण फाइलला एकच लिंक प्रकार (इथरनेट, एसएलएल वगैरे हेडरचा प्रकार). पीकॅपएनजीत अनेक इंटरफेस, टिपणं, नावं आणि टीएलएसच्या (जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलच्या) किल्ल्याही मावतात. जुन्या साधनाला द्यायची तर वायरशार्कसोबत येणारं `एडिटकॅप -एफ पीकॅप` (मोठा एफ). पण वेगवेगळ्या लिंक प्रकारांचे इंटरफेस एकाच फाइलमध्ये असतील तर हे रूपांतर होत नाही. आधी इंटरफेसप्रमाणे वेगळं करा.

१७. कंटेनरमधला ट्रॅफिक यजमानावर दिसत नाही, आणि कंटेनरमध्ये टीसीपीडम्प नाही. मार्ग?

कंटेनरची इमेज बदलू नका. त्याच्या मुख्य प्रोसेसचा क्रमांक `डॉकर इन्स्पेक्ट` मधून घ्या आणि यजमानावर `एनएसएंटर -टी क्रमांक -एन टीसीपीडम्प -आय ईटीएच०` चालवा. यात फक्त नेटवर्क नेमस्पेस (कंटेनरचं स्वतंत्र नेटवर्क) बदलते, टीसीपीडम्प यजमानाचंच वापरलं जातं.

मॅक आणि विंडोजवरच्या डॉकर डेस्कटॉपमध्ये कंटेनर एका लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये राहतात, म्हणून तिथे यजमानावर एनएसएंटर उपयोगाचं नाही. टीसीपीडम्प असलेला दुसरा कंटेनर `--नेटवर्क कंटेनर:नाव` देऊन सुरू करा. तो पहिल्याचंच नेटवर्क वापरतो.

१८. वाय-फायवरच्या इतर उपकरणांची पॅकेटं का दिसत नाहीत?

साध्या मोडमध्ये कार्ड वाय-फायची फ्रेम उलगडून इथरनेटसारखी करून देतं, आणि तीही फक्त तुमची. हवेतलं खरं चित्र मॉनिटर मोडमध्ये मिळतं. लिनक्सवर `आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० इंटरफेस ॲड मॉन० टाइप मॉनिटर`, मग चॅनल ठरवा. मॅकवर टीसीपीडम्पला मोठा आय. विंडोजवर ते ड्रायव्हरवर अवलंबून आहे आणि बहुतेक कार्डांवर जमत नाही. कार्ड एका वेळी एकच चॅनल ऐकतं.

डब्ल्यूपीए२ नेटवर्क स्वतःचं असेल आणि पासवर्ड माहीत असेल, तरी प्रत्येक उपकरण जोडलं जातानाचा चार संदेशांचा हँडशेक पकडावा लागतो. कॅप्चर सुरू केल्यावर उपकरणाचं वाय-फाय बंद-चालू करा. डब्ल्यूपीए३ मध्ये नुसत्या पासवर्डने उलगडता येत नाही.

१९. सर्व्हरची खाजगी किल्ली आहे, तरी टीएलएस उलगडत नाही. का?

टीएलएस १.३ मध्ये, आणि १.२ मध्येही डिफी-हेलमन देवाणघेवाण असेल तिथे, प्रत्येक जोडणीची गुपितं तात्पुरती असतात. सर्व्हरच्या किल्लीतून ती निघत नाहीत. ब्राउझर पूर्ण बंद करा, एसएसएलकीलॉगफाइल या पर्यावरणचलात (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये) फाइलचा मार्ग भरा, मग त्याच टर्मिनलमधून क्रोम किंवा फायरफॉक्स सुरू करा. मॅकवर आयकॉनवर क्लिक करून उघडलं तर टर्मिनलमधलं चल त्याला मिळत नाही. सफारी आणि विंडोजच्या एसचॅनलवर (अंगभूत टीएलएसवर) चालणारे प्रोग्रॅम हे चल मानत नाहीत. कॅप्चरमध्ये हँडशेकची सुरुवात असलीच पाहिजे. किल्ल्या फाइलमध्येच घालून सहकाऱ्याला देण्यासाठी `एडिटकॅप --इंजेक्ट-सीक्रेट्स` आहे, पण त्याआधी प्रश्न २२ वाचा.

२०. फोनवरचा ट्रॅफिक कसा पकडू?

आयफोन: एक्सकोड असलेल्या मॅकला केबलने जोडा, `आरव्हीआयसीटीएल -एस` (छोटा) नंतर उपकरणाचा यूडीआयडी (ओळखक्रमांक) द्या, मग `टीसीपीडम्प -आय आरव्हीआय०`. मोबाइल डेटाचा ट्रॅफिकही यात येतो. अँड्रॉइडवर टीसीपीडम्पला रूट लागतं. रूटशिवाय पीसीएपीड्रॉइडसारखी ॲप व्हीपीएनच्या सोयीवर चालतात, पण त्यात टीसीपी जोडणी ॲपमध्येच संपून पुढे नवी सुरू होते. म्हणून पुनर्प्रेषण आणि विंडो यांचा अभ्यास अशा फाइलवर करू नका.

२१. दोन टोकांच्या फाइली जुळवताना उत्तर प्रश्नाच्या आधी दिसतं. असं कसं?

घड्याळं जुळलेली नाहीत. फाइलमध्ये वेळ यूटीसीत असते, टाइमझोनचा दोष नसतो. दोन्ही मशीन एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) असल्या तरी काही मिलिसेकंदांचा फरक राहतो. एनपीकॅपची एक खास गोष्ट: मूळ सेटिंगमध्ये ते प्रणालीच्या घड्याळाशी फक्त कॅप्चर सुरू होताना जुळतं. नंतर घड्याळ दुरुस्त झालं तरी नोंदी जुन्याच चालीने पुढे जातात, त्यामुळे लांब कॅप्चरमध्ये फरक वाढत जातो.

दोन्ही फाइलींत एकच पॅकेट शोधा. आयपी ओळखक्रमांक आणि टीसीपी क्रमांक जुळवा. दोन्ही दिशांची पॅकेटं घेऊन सरासरी फरक काढा, एकाच दिशेने काढला तर प्रवासाचा वेळही त्यात मिसळतो. मग `एडिटकॅप -टी` (छोटा) ने एक फाइल तेवढी सरकवा आणि `मर्जकॅप` ने जोडा.

२२. फाइल बाहेर पाठवण्याआधी काय काढून टाकायचं?

फाइलमध्ये कुकी, पासवर्ड, पत्रांचा मजकूर, अंतर्गत पत्ते असं सगळं असू शकतं, आणि त्यातलं बरंचसं इतर लोकांचं असतं. ज्या नेटवर्कवर तुम्हाला परवानगी आहे तिथेच कॅप्चर घ्या. पाठवताना संबंधित जोडणीच वेगळी काढून नव्या फाइलमध्ये जतन करा. मजकुराची गरज नसेल तर `एडिटकॅप -एस ९६` (छोटा) ने प्रत्येक पॅकेट ९६ बाइटवर कापा. तरी पहिल्या काही बाइटांत डीएनएसची नावं उरतात, ती डोळ्यांनी तपासा. पत्ते बदलायचे तर टीसीपीरीराइट. पीकॅपएनजीमध्ये टिपणं, मशीनची माहिती आणि घातलेल्या टीएलएस किल्ल्या सोबत जातात. किल्ल्या `एडिटकॅप --डिस्कार्ड-ऑल-सीक्रेट्स` ने काढा, बाकी काय उरलंय ते `कॅपइन्फोज` ने पाहा.